न मरणारी अळी

पिसारी पतंग हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्याला एकदा आमच्या तुरीत आणून उभं करावं असं मला फार वाटतं. नाव ऐकून माणूस मोराचा पिसारा डोळ्यांपुढं आणतो, निदान एखाद्या फुलपाखराची ऐट तरी. प्रत्यक्षात हा पतंग नखाएवढा, राखी-तपकिरी, आणि एकदा बसला की वाळक्या काडीचा तुकडा. पुढचे पंख दोन भागांत चिरलेले, मागचे तीन भागांत, प्रत्येक भागाला केसांची बारीक झालर, हे सगळं खरं आहे. पण ते दिसतं कुठं, तर पुस्तकातल्या चित्रात, जिथं मेलेल्या पतंगाचे पंख टाचण्यांनी ताणून बसवलेले असतात. जिवंतपणी हा प्राणी चारी पंख गुंडाळतो, अंगापासून आडवे काढतो आणि इंग्रजी टी अक्षरासारखा पानाला लटकून राहतो. दिवसा तुम्ही झाडाला धक्का दिलात तर चार हात उडून पुन्हा पुढच्या पानाखाली काडी होऊन बसतो. त्यात पिसारा शोधायचा कुणी?

हा राग खरं तर माझा माझ्यावरच आहे. मी कळंबच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अंडी, अळी, कोष, पतंग हा क्रम मी इतक्या पोरापोरींकडून घोकून घेतलाय की झोपेतून उठवलं तरी त्याच सुरात म्हणेन. माझं माहेर भूमच्या बाजूला, कोरडवाहू रानाचं, तुरीचं गाव. माय सांगते की माझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा ती तुरी हलवत होती. शेंगा धरल्या की सकाळच्या गारव्यात झाडाखाली पोतं अंथरायचं, झाड धरून गदागदा हलवायचं आणि पडलेल्या अळ्या गोळा करून कोंबड्यांपुढं टाकायच्या, हे आमच्याकडं पूर्वी बायकांचं काम. म्हणजे मी जन्माच्या आधीपासून या किड्याच्या शेजारी राहिले, आणि तरी पिसारी पतंग पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो चाळिशी उलटल्यावर.

गोष्ट गेल्या मार्गशीर्षातली. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, दहा-बारा दिवसांवर आली होती. सकाळी डबा भरत होते तर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन. अण्णा फोनवर खुशाली विचारत नाहीत, थेट मुद्द्यावर येतात. म्हणाले, औषध खोटं निघालं. दोनदा मारलं, दुसऱ्या खेपेला तर भारीतलं मारलं, तरी अळ्या शेंगांवर तशाच आहेत. आता दुकानदारानं दोन औषधं एकत्र करून मारायला सांगितलीत, तेवढं शुक्रवारी मारून टाकतो.

मारून टाकतो, म्हणजे स्वतः.

आदल्या वर्षी याच दिवसांत अण्णा फवारणी करता करता बांधावर कोसळले होते. वारं तोंडावर येत होतं, तोंडाला काही बांधलेलं नव्हतं, आणि उरकून टाकायचं म्हणून सकाळपासून पोटात भाकरीचा तुकडा नव्हता. माय धावत गेली तर तोंडातून लाळ, कपाळावर घामाच्या धारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गावातल्या जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेलं. तीन दिवस सलाइनवर होते. सुट्टी देताना डॉक्टरांनी माझ्यासमोर त्यांना सांगितलं की आजोबा, पुन्हा पंप पाठीला लावला तर मग मला सांगू नका. अण्णांनी मान हलवली. बहात्तर वर्षांच्या माणसानं हलवलेल्या मानेचा काय अर्थ घ्यायचा, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

या खेपेला पहिल्या दोन फवारण्या त्यांनी मला न सांगताच उरकल्या होत्या. मजूर का लावला नाही म्हणून फोनवर ओरडले, तर म्हणाले की रोजानं आलेला माणूस वरच्यावर शिंपडून जातो, बुडाला मारत नाही. आम्ही दोघी बहिणीच. धाकटी लांब दिलेली. त्यामुळं अण्णांना रागावणं, समजावणं, पुन्हा रागावणं, हे खातं माझ्याकडं आहे. कॉलेज सुटल्यावर स्कूटी काढली आणि गावाकडं निघाले.

तूर डोक्याच्या वर गेली होती. अण्णांनी पुढं होऊन एक फांदी वाकवली आणि एक शेंग माझ्या नाकासमोर धरली. शेंगेला दोन-तीन भोकं पडलेली. भोकाशेजारी ती अळी. पाव इंचाहून थोडी मोठी, हिरवट तपकिरी, अंगभर बारीक केस. पहिल्या नजरेत कुणीही अळीच म्हणेल. मी चष्मा वर सारून जवळून पाहिलं. तिला पाय नव्हते. शेपटाकडची बाजू रेशमाच्या बारीकशा टिकलीनं शेंगेला चिकटवलेली होती. ती अळी नव्हतीच, तो कोष होता.

या किड्याचा सगळा घोळ इथं आहे. बाकीच्या किड्यांचा कोष कोषासारखा दिसतो. घाटेअळी तर सरळ जमिनीत जाऊन कोषात जाते, कुणाला दिसतही नाही. शेंगमाशीची अळी शेंगेच्या आतच राहते, तिथंच तिचा कोष होतो. पिसारी पतंगाचं सगळं उघड्यावर. मादी कळ्यांवर, कोवळ्या शेंगांवर एकेक सुटं अंडं घालते. त्यातून निघालेली अळी आधी शेंगेची साल खरवडते, मग भोक पाडून तोंड आत घालते आणि दाणा खाते. सगळं अंग काही आत नेत नाही. पोट भरलं की त्याच शेंगेवर स्वतःला बांधून घेते आणि कोष होते. आणि तो कोष पुन्हा केसाळ, पुन्हा त्याच रंगाचा, जवळजवळ त्याच आकाराचा. खाणारं केव्हा थांबलं आणि झोपणारं केव्हा सुरू झालं, हे लांबून कळतच नाही. अण्णांच्या दोन फवारण्यांनी खाणाऱ्या अळ्या बहुतेक मेल्या होत्या किंवा कोषात गेल्या होत्या. उरले होते ते कोष. त्यांच्यावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, आणि ते दाणाही खात नाहीत. तिसरी फवारणी म्हणजे नुसतं विष अण्णांच्या नाकातोंडात जाणार होतं.

हे मी त्यांना सांगितलं. वर्गात सांगते त्याहून सोपं करून, त्याहून हळू. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, बांधावरची एक काडी उचलली आणि कोषाला हलकेच टोचलं.

कोष हलला. चांगला हलला. पोटाकडून झटका देऊन दोनदा इकडं-तिकडं झाला.

"बग," अण्णा म्हणाले. "हालती का न्हाय? मेलेलं हालत आसतंय का?"

मी म्हटलं, मेलंय असं मी म्हणतच नाही. जिवंत आहे, फक्त खात नाही.

"जित्ती हाय आन् खात न्हाय? उपास हाय व्हय तिचा?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोष डिवचला की असा झटका देतो, ती त्याची मुंग्या हाकलायची रीत आहे, वगैरे वगैरे. अण्णांनी त्यावर दुसरा पुरावा काढला. झाड हलवून बघितलं, अळ्या एरवी पोत्यावर टपाटपा पडतात, या पडतच नाहीत. लई चिवट जात आहे ही, नवीन आली असेल. मी म्हटलं, अण्णा, त्या पडत नाहीत कारण बांधलेल्या आहेत. हीच तर खूण आहे. पडली तर अळी, नाही पडली तर कोष. मला वाटलं आता पटेल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच अळीची बाजू घेऊन भांडतेय.

"म्याडम," ते म्हणाले. रागावले की मला म्याडम म्हणतात आणि तुमीवर येतात. "तुमी वर्गात सांगा हे. आमी साठ वर्सं तूर करायलोत."

साठ वर्षं तूर करून त्यांनी हा पतंग एकदाही पाहिला नव्हता, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मीही तो तोवर पुस्तकातच पाहिला होता, तेव्हा गिळलं.

परत येताना कळंबात, अण्णा जिथून औषध नेतात त्या दुकानावर गेले. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. आता दोन पोरांचा बाप आहे, पोट सुटलंय, पण मला पाहून अजून काउंटरमागं उभा राहतो. मी त्याला विचारलं, कोषावर मारायला तू दोन औषधं एकत्र करून दिलीस? त्यानं आधी खुर्ची पुढं केली, मग चहा मागवला. मग म्हणाला, मॅडम, तुमचं एकदम बरोबर आहे, तो कोषच असणार. पण गिऱ्हाईक येऊन अळी म्हणतंय, मी त्याला कोष आहे असं सांगून परत पाठवलं तर ते समोरच्या दुकानात जातं. समोरचा याहून जहाल काहीतरी देतो. मग त्यापेक्षा मी दिलेलं बरं नाही का?

याच मुलानं परीक्षेत कीटकाच्या जीवनचक्राची सुबक आकृती काढली होती आणि मी तिला पूर्ण गुण दिले होते. चहा तसाच ठेवून मी उठले. बावीस वर्षं शिकवून जे उरलं ते असं काउंटरपलीकडं उभं होतं आणि माझ्याशी अदबीनं बोलत होतं, याचाच मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला रजा टाकून पुन्हा गावाला गेले. आता समजावणं नाही, नुसती विनवणी केली. मागच्या वर्षीचं आठवा म्हटलं, मायकडं बघा म्हटलं. माय चुलीपुढं बसून ऐकत होती, तिनं पदर डोळ्याला लावला. अण्णांना बायकांचं रडणं सोसत नाही, ते लगेच बाहेर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं आत आले आणि सौदा केल्यासारखं म्हणाले की ठीक आहे, त्या अळीतून तुझा पतंग निघालेला मला दाखव. मंगळवारपर्यंत थांबतो. नाही निघाला तर बुधवारी पंप काढतो, मग कुणी मधी बोलायचं नाही.

मी कोष असलेल्या सात-आठ शेंगा खुडल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून कळंबला आणल्या. तोंडाला जुन्या ओढणीचं कापड बांधलं आणि बरणी स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ठेवली. पुढचे चार दिवस मी त्या बरणीपुढं ज्या आशेनं उभी राहिले, तशी बोर्डाच्या निकालापुढंही कधी राहिले नाही. थंडी वाढली होती, थंडीत कोष रेंगाळतात. काहीच होईना. नवरा म्हणाला, बरणी गॅसजवळ सरकव, ऊब लागेल. सरकवली. मग जास्त ऊब लागून मरतील म्हणून पुन्हा लांब केली.

मंगळवारी सकाळी चहा ठेवायला गेले तर एका कोषाचा रंग गडद झालेला. मी तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं पाठीवर बारीक चीर पडली आणि आतून काहीतरी ओलसर, अंगापेक्षा लांब पाय असलेलं बाहेर सरकलं. रिकामी कात शेंगेला तशीच चिकटून. पतंग ओढणीच्या कापडाला लटकला, आणि पंख वाळेपर्यंतच्या तेवढ्या वेळात मला तो पिसारा दिसला. दोन फाटे पुढचे, तीन फाटे मागचे, कडेनं झालर, आणि लांब पायांवर मध्येमध्ये काटे. मग त्यानं ते सगळं गुंडाळून ठेवलं आणि काडी झाला. माझा पहिला तास बुडाला होता. चहा उतू गेला होता. मी एकटीच ओट्यापुढं उभी राहून हसत होते.

बरणी पिशवीत घालून स्कूटीच्या पायदानावर दोन पायांमध्ये धरली आणि निघाले. आमच्या गावाचा रस्ता खोदून ठेवलाय त्याला आता कुणी काही बोलत नाही, पण त्या दिवशी मी बोलले, एकटीच, मोठ्यानं. खड्डा चुकवावा तर खडी, खडी चुकवावी तर खड्डा. घरी पोचून अंगणात बरणी उघडली. पतंग तळाशी पडला होता. सहापैकी तीन पाय तुटलेले, पंखांची झालर शेंगांच्या काटेरी लवेला पुसून गेलेली. जिवंत होता, पण उठत नव्हता.

अण्णांनी बरणी तिरपी करून उन्हात धरली. बराच वेळ पाहिलं.

"ह्यो तर डास हाय," ते म्हणाले.

मी तिथंच पायरीवर बसले. खरंच हात टेकले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त भूक लागली होती. अण्णा मात्र अजिबात रागात नव्हते. उलट खुशीत होते. म्हणाले, तुझं राहू दे, चल तुला दाखवतो. मला घेऊन ते तुरीत गेले, दोन-चार फांद्या वाकवल्या आणि एका शेंगेवरची अळी चिमटीत धरली. तिचा भुसा झाला.

"मेल्या. उशिरानं लागलं औषध, पण लागलं. समद्या वाळल्यात बग."

मी पाहिलं. कात होती. फिकट, गवती रंगाची, आतून पोकळ, पाठीवर चीर. शेजारच्या शेंगेवर तशीच, त्याच्या वरच्या शेंगेवर तशीच. बरणीत एक पतंग निघाला त्याच दोन-तीन दिवसांत रानातले बहुतेक कोष उकलले होते. पतंग निघून गेले होते आणि मागं राहिलेल्या कातींना अण्णा अळ्यांची मढी समजत होते. मी चिरेवर बोट ठेवलं. ते म्हणाले, वाळून तडकली. आणि मग म्हणाले की आता तिसरं मारत नाही, पंप धुऊन टांगून टाकला, कशाला खामखा जिवाला ताप.

माझं वाक्य तयार होतं. अण्णा, त्या मेल्या नाहीत, उडून गेल्यात.

ते वाक्य मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, उडून कुठं गेल्या? आणि मला खरं सांगावं लागलं असतं की इथंच आहेत, या पानांखाली, आणि पुन्हा अंडी घालणार आहेत. मग पंप खाली आला असता. महिनाभरात शेंगा भरून वाळायला लागणार होत्या, पुढची पिढी फार काही बिघडवणार नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांना ते पटलं असतं असं मला वाटत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, बरं झालं. माय दारात उभी होती, तिला खुणेनंच सांगितलं की मिटलं. तिनं मला पोटभर जेवायला घातलं.

मला हायसं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. पण कळंबला येईपर्यंत त्या हायशाची चव गेली. वर्गात पोरगी चुकीचं बोलली की मी तिथल्या तिथं थांबवते, कधीकधी जरा जास्तच जोरात. आणि इथं एक चुकीचं उत्तर मी बरोबर म्हणून तपासून आले होते. दोन दिवसांनी एसटी स्टँडवर गावचा एक माणूस भेटला. कौतुकानं म्हणाला, अण्णांनी चांगलं औषध शोधलं बाई, गावात सगळ्यांना सांगतायत, घाई करू नका, दम धरा, आठ दिवसांनी लागू पडतंय. मी हं म्हटलं आणि भाजी घ्यायची नसताना भाजीच्या गाड्याकडं वळले. अण्णांवर चिडावं तर ते प्रामाणिकपणे सांगत होते. चिडायला जागा एकच उरली होती आणि ती मी स्वतः होते.

येळवसेच्या आदल्या दिवशी दुपारी मी माहेरी गेले. रानात लगबग होती. येळवसेला आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवायला जातं. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खिरीचा नैवेद्य दाखवून मग पंगती बसतात. भज्जीत, म्हणजे त्या मिसळीच्या भाजीत, बाकी काही कमी-जास्त चालतं, तुरीचे ओले दाणे मात्र आपल्याच रानातले लागतात. म्हणून औषध मारणारे लोकही विहिरीकडच्या चार-पाच वळी, म्हणजे ओळी, घरच्या खाण्यासाठी तशाच ठेवतात. त्या वळींना फवाऱ्याचा थेंबही लागू देत नाहीत. अण्णाही ठेवतात. त्या बाबतीत ते फार कडक आहेत.

माय आणि मी त्या वळींमधून टोपलंभर शेंगा तोडून आणल्या आणि कोपीच्या सावलीत सोलायला बसलो. अण्णा कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. माय सोलता सोलता थांबली. तिनं एक शेंग उन्हात धरली, मग टोपल्यातून दुसरी काढली, मग तिसरी.

"आवं," ती अण्णांना म्हणाली, "हितल्या बी मेल्यात की आळ्या."

"मेल्या आसतील. औषध लागलंच तसं."

"हितं कुठं मारलं औषध? ह्या घरच्या वळी हायत."

अण्णांच्या हातातली पेंढी सुटली. ते आले, टोपल्यापुढं उकिडवे बसले आणि एकेक शेंग उचलून पाहायला लागले. घाईनं नाही. प्रत्येक कात उलटी करून, पाठीवरची चीर नखानं उघडून, आत काही आहे का बघून. चार, पाच, सहा. सगळ्या सारख्या, सगळ्या एकाच जागी उकललेल्या. मी खाली मान घालून सोलत होते. माझ्या हातातली शेंग कधीच रिकामी झाली होती. मग मला जाणवलं की ते शेंगा बघायचे थांबलेत आणि माझ्याकडं बघतायत.

"तुला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय."

"कवापास्नं?"

"बरणी आणली त्या दिवसापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

मी सांगितलं, की तुम्ही तिसरी फवारणी सोडली होती. मी बोलले असते तर तुम्ही परत पंप काढला असता. मला मागच्या वर्षीसारखं तुम्हाला जीपमध्ये घालायचं नव्हतं. माय मधी पडली, म्हणाली, पोरीनं तुमच्या जिवासाठीच केलं. अण्णांनी तिला हातानं थांबवलं.

"काडला नसता," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "ह्याच शेंगा दावल्या आस्त्यास, बिनऔषधाच्या, तर म्या काडला नसता. मला दिसतंय की. तू दावलंच न्हाय. म्हातारा येडा हाय, त्याला काय कळतंय, आसं म्हून तू गप बसलीस."

ते खरं होतं. चार दिवस मी बरणीत कोष सांभाळले, खड्ड्यांतून पतंग वाहून आणला, आणि पंचवीस पावलांवरच्या या वळींकडं त्यांना घेऊन जायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. ते बघतील आणि त्यांना कळेल, ही शक्यताच मी धरली नव्हती.

तेवढ्यात बांधावरून शेजारचे काका आले. त्यांचं रान आमच्या रानाला लागून आहे, त्यांच्या तुरीवरही हेच. त्यांना चुना हवा होता दगड रंगवायला. चुना घेऊन जाता जाता थांबले आणि म्हणाले, "आण्णा, तुमी सांगितलेलं औषध आणलंय बरं का. येळवस झाली की परवा मारतो. पंपाला किती घेतलं व्हतं?"

अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. टोपल्यातली एक शेंग घेतली आणि सोलायला लागले.

"हिला इचारा," ते म्हणाले. "हिला समदं ठावं आसतंय. सांगती का न्हाय तेवडं बगा."

काका हसले, त्यांना वाटलं बापलेकीची थट्टा चाललीय. मग माझ्यापुढं चुन्याची वाटी खाली ठेवून बसले. मी सांगायला लागले, ही अळी नाही काका, इथपासून. अण्णा आमच्याकडं पाठ करून बसले होते. ते ऐकत होते की नाही, मला कळलं नाही. मी जरा मोठ्यानं बोलत राहिले.